बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत : बाग, सणवार आणि रेड सॉक्स

अंगणझुला | १८ मार्च २०२५

नमस्कार मंडळी,

आम्ही मासाचुसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझे बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच आणि एकटे. मागे दोघं आले होते तेव्हा आई स्वयंपाकघरात आणि बागेत रमायची आणि बाबा तिच्या मागेमागे असायचे. आता दिवसा घरात कुणीच नसणार. मी आणि नवरा कामावर, लेक (वय ११) शाळेत.

बाबा एसटीतून निवृत्त झालेत. आयुष्यभर डेपोचं वेळापत्रक सांभाळलं. रिकामं बसणं त्यांना जमत नाही. क्रिकेटचं प्रचंड वेड, तेही रेडिओवरचं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत मोठे झालेले. लेकीला मात्र क्रिकेटमध्ये रस नाही, ती नखशिखांत रेड सॉक्सची, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल संघाची. संध्याकाळी मॅच असली की आमच्या घरात जेवण त्याच हिशेबाने होतं.

प्रश्न दोन. एक, आजोबांना बेसबॉल शिकवावा का आणि शिकवायचा तर सुरुवात कुठून करावी? दुसरा, एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तुमच्याकडे येणारे आईवडील कशात रमले? बाग आहे, छोटीशी. ऐकीव सल्ल्यापेक्षा स्वतःचे अनुभव लिहा, प्लीज.

फावडं | १८ मार्च २०२५

बागेचं मी सांगतो, ते माझं खातं. :)

बाबा यायच्या आत मिरची, वांगी, टोमॅटो घरातच लाईटखाली पेरून ठेव. तिकडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रात्रीचं दव गोठू शकतं, त्यामुळे मेमोरियल डेच्या (मेअखेरच्या सुट्टीच्या) आसपासच रोपं बाहेर. मेथी, कोथिंबीर, पालक यांना थंडी चालते, ती एप्रिलअखेर सरळ वाफ्यात टाक. मेथी तीन आठवड्यांत काढायला येते, त्यामुळे नव्या माणसाला लगेच हुरूप येतो. आणि झेंडू विसरू नकोस. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे, घरच्या झेंडूचं तोरण होईल.

सशांसाठी जाळी आधी लाव, रोपं नंतर. हा क्रम बदलू नकोस.

शिकागोकर | १८ मार्च २०२५

बेसबॉल नक्की शिकवा! माझे सासरे २०१६ साली आमच्याकडे होते. त्या वर्षी कब्ज (शिकागोचा बेसबॉल संघ) १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले. सुरुवातीला ते "हा काय गोट्यांचा खेळ" म्हणत उठून जायचे. ऑक्टोबरच्या शेवटी मध्यरात्रीपर्यंत आमच्या आधी टीव्हीसमोर बसलेले असायचे. सातवी मॅच पावसाने थांबली तेव्हा त्यांनी देवापुढे दिवा लावला होता. रिग्लीच्या (कब्जच्या मैदानाच्या) भिंतीवरची वेल बघायला मुद्दाम नेलं होतं त्यांना. चेंडू वेलीत अडकला तर फलंदाजाला दोन बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे) मिळतात हा नियम त्यांना इतका आवडला की नाशिकला जाऊन सगळ्यांना सांगत बसले.

गोदाकाठ | १९ मार्च २०२५

मी थोडं वेगळं बोलते. राग मानू नकोस.

आईवडिलांना रमवायचं म्हणून आपण आपले छंद त्यांच्या पदरात टाकतो आणि ते आपलं मन राखायला हसून मान डोलावतात. माझ्या आईच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलं आहे. तिला हवी होती बोलायला माणसं, मराठी बोलणारी, तिच्या वयाची. तुझ्या बाबांचा जोडीदार गेलाय. संध्याकाळचे तीन तास टीव्हीसमोर जातीलही, पण सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेचं काय?

तुमच्या गावात सीनियर सेंटर असेल, मासाचुसेट्समध्ये बहुतेक गावांत असतं. तिथे चौकशी कर. पायी जाता येईल अशी लायब्ररी आहे का बघ. आसपास आणखी कुणाचे आईवडील आलेत का, हे महाराष्ट्र मंडळात विचार. खेळ नंतर.

सातवीण | १९ मार्च २०२५

गोदाकाठ, पहिल्या भागाशी सहमत, शेवटच्या वाक्याशी नाही. नातीबरोबर काहीतरी समान असणं ही फार मोठी गोष्ट आहे. अकरा वर्षांची मुलगी आजोबांशी बोलणार काय? तिचं मराठी तोडकं, त्यांचं इंग्रजी बेताचं. "आज कोण पिचर (म्हणजे गोलंदाज)?" एवढा प्रश्न दोघांनाही पुरतो. तिथून पुढे गप्पा आपोआप होतात.

निळी_शाई | १९ मार्च २०२५

सुरुवात कुठून करावी या प्रश्नाला माझं उत्तर: स्कोअरकार्ड. टीव्ही नाही, नियमांचं पुस्तक नाही. हातात पेन्सिल आणि स्कोअरकार्ड.

बाबा डेपोचं वेळापत्रक सांभाळायचे असं लिहिलंयस ना, मग हे त्यांच्यासाठीच आहे. प्रत्येक खेळाडूला जागेप्रमाणे आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे मैदानातले ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्या बेसला फेकला आणि दोघं बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद, म्हणजे स्ट्राइकआऊट झाला की 'के'. बॅट न फिरवता बघत राहून बाद झाला तर उलटा 'के'. पूर्ण मॅच दोन पानांत मावते आणि वीस वर्षांनी वही उघडली तरी प्रत्येक चौकोन वाचता येतो.

क्रिकेटचं स्कोअरबुक ज्याने पाहिलंय त्याला हे दोन मॅचमध्ये येतं. मी माझ्या काकांना असंच शिकवलं. नियम त्यांनी विचारत विचारत शिकले, कारण चौकोन भरायचा तर "नक्की काय झालं?" हे कळावंच लागतं.

पावटा | १९ मार्च २०२५

बेसबॉल म्हणजे तीन तास माणसं थुंकतात आणि टोप्या नीट करतात. कसोटी क्रिकेट बघणाऱ्या माणसाला ही शिक्षा का? :)

शिकागोकर | १९ मार्च २०२५

पावटा, तुमची माहिती २०२३ च्या आधीची आहे. आता पिचरला घड्याळ लावलंय. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचाच. २०२२ मध्ये सरासरी मॅच तीन तासांच्या वर जायची, आता अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. टोपी नीट करायला वेळच नाही!

आणि कसोटी आवडणाऱ्यालाच हा खेळ कळतो असं माझं ठाम मत आहे. दमलेला पिचर, पुढचा चेंडू कुठे पडणार याचा अंदाज, फलंदाज बघून क्षेत्ररक्षण हलवणं. वीस षटकांच्या क्रिकेटवर वाढलेल्या माझ्या भाच्याला बेसबॉल संथ वाटतो, सासऱ्यांना कधीच वाटला नाही.

मिरजेची_सतार | २० मार्च २०२५

क्रिकेटवाल्याला पहिल्या दिवशी सांगायच्या तीन गोष्टी:
चेंडू टप्पा न पडता येतो, साठ फूट सहा इंचांवरून आणि ताशी ९५ मैलांनी. म्हणून दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज इथे मोठा मानतात. मागे मारलेला फटका फुकट, त्यामुळे लेट कट नाही. :( आणि मॅच बरोबरीत सुटत नाही, निकाल लागेपर्यंत डाव वाढतात.

बाकी सगळं नात शिकवेल. तिलाच शिकवू दे. तू आणि नवरा मध्ये पडू नका.

रानजाई | २० मार्च २०२५

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा आवडला. आमच्याकडे न्यू हँपशरला आत्ता मेपलचा रस काढायचे दिवस आहेत. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असलं की झाडातून रस ठिबकतो. चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक होतो. माझे बाबा कोल्हापूरचे. रस आटवायची ती लांबलचक कढई आणि वाफ बघितल्यावर तिथून हलेनात. गुऱ्हाळच ते! तिथल्या म्हाताऱ्या मालकाला खुणांनी विचारत होते की मळी कशी काढता, आणि तोही दाखवत होता. तुझे बाबा एप्रिलमध्ये येणार म्हणजे हे हुकेल, पुढच्या खेपेला मार्चमध्ये बोलाव.

अंगणझुला | २० मार्च २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ, राग कसला, नऊ ते चारचा प्रश्न खरा आहे. सीनियर सेंटरला फोन केला, आठवड्यातून दोनदा कॅरम आणि पत्ते असतात म्हणे. निळी_शाई, स्कोअरकार्डचं मला सुचलंच नसतं. लेकीला सांगितलं तर ती आत्तापासून वहीवर रेघा मारतेय.

उन्हाळी | २१ मार्च २०२५

बॉस्टनवाले जमलेत तर एक आठवण लिहितेच.

२००४ साली मी बॉस्टनमध्ये शिकत होते. रेड सॉक्स १९१८ नंतर जिंकलेले नव्हते, ८६ वर्षं. त्या ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध (न्यूयॉर्कचा संघ, जुने वैरी) तीन मॅच हरून ०-३ मागे पडले. चौथ्या मॅचमध्ये नवव्या डावात एक धाव मागे, समोर यांकीजचा पिचर मारिआनो रिवेरा. डेव्ह रॉबर्ट्सला फक्त पळायला म्हणून आत आणलं. स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं की तो दुसरा बेस चोरणार, रिवेरालाही माहीत होतं, आणि तरी त्याने चोरला. म्युलरच्या फटक्यावर तो घरी आला, बरोबरी झाली. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझचा होमरन (चेंडू थेट भिंतीपलीकडे). तिथून सलग चार मॅच जिंकल्या. बेसबॉलमध्ये ०-३ वरून कुणी कधीच परत आलेलं नव्हतं.

मग सेंट लुईसविरुद्ध वर्ल्ड सिरीज. शेवटची मॅच २७ ऑक्टोबरला. ती रात्र आश्विनी पौर्णिमेची, आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण! आम्ही पाच-सहा मराठी मुली एका घरात राहायचो. मसाला दूध आटवून तयार. एक मैत्रीण म्हणाली, ग्रहणात दूध प्यायचं नाही. दुसरी म्हणाली, तुळशीपत्र टाक आणि पी. तुळस आणायची कुठून? शेवटी पुण्याला फोन लावून तिच्या आजीला विचारलं. आजीने सांगितलं, ग्रहण सुटल्यावर प्या. मग पातेलं झाकून ठेवलं आणि मॅच लावली. आमच्या पिचरने, फोल्कने, तो जमिनीवरून आलेला चेंडू पकडून पहिल्या बेसला दिला, ३-० ने मॅच आणि ४-० ने सिरीज संपली, तेव्हा खिडकीतून दिसणारा चंद्र तांबूसच होता. रस्त्यावर माणसं रडत होती. शेजारचे आजोबा पायजम्यात बाहेर आले होते, म्हणाले माझे वडील हे न बघताच गेले.

दूध दीड वाजता प्यायलो. त्यांनाही दिलं.

पावटा | २१ मार्च २०२५

उन्हाळी, वाचताना काटा आला अंगावर. शिक्षा हा शब्द मागे घेतो.

गोदाकाठ | २१ मार्च २०२५

फार सुंदर लिहिलंयस उन्हाळी. माझ्या सासूबाई दर्भ टाकायच्या ग्रहणात, दुधात आणि लोणच्याच्या बरणीवरसुद्धा.

न्यूयॉर्क_लोकल | २२ मार्च २०२५

यांकीज घराण्यातून नमस्कार. २००४ चा उल्लेख न करता बॉस्टनकरांशी बोलता येत नाही, मान्य आहे. आमच्याकडे २७ विजेतेपदं आहेत, एवढंच सांगून जातो. :)

आजोबांसाठी खरं सुचवणं: फेनवे पार्कला (रेड सॉक्सच्या मैदानावर) न्या, पण आधी नाही. आधी वूस्टरला न्या. रेड सॉक्सचा ट्रिपल-ए (मुख्य संघाच्या एक पायरी खालचा) संघ २०२१ पासून तिथल्या पोलर पार्कवर खेळतो. तिकीट स्वस्त, जागा मोकळी, मैदान जवळ. वयस्कर माणसाला गर्दीत जिने चढायला लागत नाहीत. आणि उद्याचे मोठे खेळाडू आज दहा हातांवर बघायला मिळतात.

सातवीण | २२ मार्च २०२५

पहिल्यांदा यांकीजवाल्याला अनुमोदन देतेय, नोंद घ्यावी.

फेनवेला नेशील तेव्हा दोन गोष्टी बघ. जुन्या ग्रँडस्टँडमध्ये लोखंडी खांब आडवे येतात. मैदान १९१२ चं आहे, तेव्हाची बांधणी. तिकिटं काढताना खांबामागची जागा टाळ. आणि उजवीकडे मागे हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे, सेक्शन ४२, रांग ३७, खुर्ची २१. रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने १९४६ मध्ये ५०२ फूट मारलेला चेंडू तिथे पडला. आजोबांना ती शोधायला लाव. डावीकडची ३७ फुटी हिरवी भिंत मात्र शोधावी लागत नाही. तिच्यावरचा धावफलक अजून माणसं आत बसून हाताने पाट्या बदलून चालवतात, हे त्यांना बघायला आवडेल.

अंगणझुला | ३ मे २०२५

थोडक्यात खबर देते. बाबा आले, जेट लॅग उतरला. पेट्रियट्स डेला (इथली एप्रिलमधली सुट्टी) मॅरेथॉन बघायला नेलं. त्या दिवशी मॅच सकाळी असते, मॅच सुटली की लोक केनमोर स्क्वेअरला धावणाऱ्यांना टाळ्या वाजवायला जातात, त्यात बाबाही उभे. घरी येऊन म्हणाले, "वारीत पाणी वाटतात तसंच आहे इथे."

सकाळी बाग. मेथी उगवलीय. मंगळवार-गुरुवार कॅरम, तिथे एक ग्रीक आजोबा दोस्त झालेत. दोघांत समान भाषा नाही, तरी दीड तास गप्पा चालतात. गोदाकाठ, तुझे आभार मानावे तेवढे थोडे.

स्कोअरकार्ड: दोघंही जेवणाच्या टेबलावर शेजारी बसून भरतात. बाबांचं अक्षर वेळापत्रकासारखं, लेकीचं चौकोनाबाहेर. शाळेच्या दिवशी ती साडेनऊला झोपते, उरलेले डाव बाबा लिहून ठेवतात आणि सकाळी ती दूध पिता पिता वाचते. काल खाली उतरताना मला ऐकू आलं, "आबा, आठव्यात काय सिक्स-फोर-थ्री?" "नाही गं, फाइव्ह-फोर-थ्री, थर्ड बेसवरनं आला."

वूस्टरलाही जाऊन आलो. रोमन अँथनी नावाचा उंच पोरगा आहे, डावखुरा. बाबांनी वहीत त्याच्या नावाखाली दोन रेघा मारल्यात. म्हणाले, हा इथे फार दिवस राहणार नाही.

निळी_शाई | ३ मे २०२५

हे वाचून दिवस सार्थकी लागला. वही जपून ठेवा.

फावडं | ३ मे २०२५

मेथीचा फोटो टाक. आणि मिरचीची रोपं अजून बाहेर काढू नकोस, ऊन बघून मोह होतो. दिवसा दोन-तीन तास सावलीत बाहेर ठेवून रात्री आत घे, आठवडाभर असं केलं की रोपं कणखर होतात.

अंगणझुला | १७ जून २०२५

रेड सॉक्सवाल्यांनी बातमी वाचली असेलच. रविवारी फादर्स डे होता, दुपारी रेड सॉक्सनी यांकीजना तिसऱ्यांदा हरवलं, राफाएल डेव्हर्सने होमरन मारला, घरात आनंदीआनंद. संध्याकाळी कळलं की डेव्हर्सला सान फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. लेकीचा शर्ट त्याचाच, ११ नंबरचा. ती रडून रडून झोपली, जेवलीही नाही.

मला काय बोलावं सुचेना. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला बागेत बोलावलं आणि दोघं टोमॅटोला काठ्या बांधत होते. त्यांनी तिला त्यांच्या बदल्या सांगितल्या. कराडहून महाडला, महाडहून परत फलटणला. प्रत्येक वेळी डेपोतली माणसं कशी एसटीच्या टपावर सामान चढवून द्यायची, आणि माझी आई नव्या गावात पहिल्या दिवशी कशी रडायची, मग तिला कशी मैत्रीण मिळायची. या गोष्टी मीसुद्धा कधी ऐकल्या नव्हत्या. आईविषयी ते इथे आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी तासभर बोलले.

लेक विचारत होती, शर्ट घालू की नको? बाबा म्हणाले, घाल, तो काय पळून गेलाय का, त्याला धाडलंय.

गोदाकाठ | १७ जून २०२५

काहीच लिहिता येत नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.

खाडीकिनारा | १७ जून २०२५

सान फ्रान्सिस्कोतून लिहितोय. लेकीला सांगा, आम्ही त्याची नीट काळजी घेऊ! याच शुक्रवारपासून रेड सॉक्स इथे खेळायला येताहेत, मी जाणार आहे. इथे उजव्या भिंतीपलीकडे थेट खाडी आहे, होमरनचा चेंडू पाण्यात पडला तर पकडायला लोक होड्या घेऊन थांबतात. तिच्या वतीने डेव्हर्ससाठी ओरडेन.

न्यूयॉर्क_लोकल | १८ जून २०२५

आम्हाला तीनदा हरवल्यावर सुद्धा मला त्या पोरीसाठी वाईट वाटलं. आणि आजोबांच्या वहीतला अँथनी ९ जूनला मोठ्या संघात आलाही! जाणकार माणूस.

शिकागोकर | १८ जून २०२५

त्याच्या दोनच दिवस आधी वूस्टरकडून ४९७ फूट मारला होता त्याने, तिन्ही बेस भरलेले असताना. आजोबांना आमच्या संघासाठी कामाला ठेवा कुणीतरी.

दुधी_भोपळा | २० जून २०२५

अवांतर: सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत हरणांनी तोंडलीचा वेल साफ केला. कुणी उपाय सांगेल का? साबणाच्या वड्या टांगून झाल्या.

फावडं | २० जून २०२५

आठ फूट जाळी. दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. वेलाचं खोड जिवंत असेल तर खत-पाणी दे, पुन्हा फुटेल.

अंगणझुला | १२ नोव्हेंबर २०२५

धागा वर आणतेय, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

बाबा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. २ ऑक्टोबरला दसरा, घरच्या झेंडूचं तोरण (फावडं, तुम्हाला श्रेय), बासुंदी, आणि त्याच संध्याकाळी यांकीजविरुद्ध तिसरी, निर्णायक मॅच. ४-० ने हरलो. त्या नव्या पोराने, श्लिटलरने, आठ डावांत बारा जणांना स्ट्राइकआऊट केलं. बाबांनी बाराही 'के' शांतपणे लिहिले आणि म्हणाले, "पोरगं चांगलं टाकतंय, लिहायलाच पाहिजे." आपट्याची पानं नव्हती, लेकीने मेपलची पिवळी पानं दिली सगळ्यांना.

मला वाटलं, साताऱ्याला गेल्यावर हे सगळं थांबेल. नाही थांबलं. वर्ल्ड सिरीजच्या (टोरांटो विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स) मॅच तिकडे पहाटे साडेपाचला सुरू व्हायच्या. बाबा चहा घेऊन वहीसमोर. तिसरी मॅच अठरा डाव चालली, सहा तास एकोणचाळीस मिनिटं. साताऱ्यात दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते. कामाला येणाऱ्या मावशींना त्यांनी सांगितलं म्हणे, आज पोळ्या उशिरा करा. वहीत जागा संपली तेव्हा त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान चिकटवलं. इथे लेक झोपली होती. उठल्यावर तिला आबांकडून फोटो, अठरा डावांचा, चौकोन चौकोन भरलेला.

तर बेसबॉल शिकवावा का? माझं उत्तर: हो, कारण तो जवळजवळ रोज असतो. वर्षाला १६२ मॅच. आठवड्यातून एकदा फोनवर "कसे आहात, बरे आहात ना" यापुढे आमची गाडी जात नव्हती. आता रोज काहीतरी घडलेलं असतं, आणि त्याबद्दल दोघांनाही मत असतं. ते बोलून झालं की मग गुडघा, बागेतला कढीपत्ता, आईचा श्राद्धाचा दिवस, सगळं येतं बोलण्यात. बाग आणि कॅरम नसता तर मात्र दिवस सरला नसता, हे गोदाकाठ म्हणाली तसंच.

ओंटारियोचा_वारा | १२ नोव्हेंबर २०२५

टोरांटोहून. आत्तापर्यंत गप्प वाचत होतो, कारण आमच्या घरात हा विषय दहा दिवस कुणी काढला नाही. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, नववा डाव, आम्ही ४-३ पुढे, विजेतेपदाला दोन आऊट बाकी. डॉजर्सच्या रोहासने होमरन मारून बरोबरी केली. आमच्या डावात तिन्ही बेस भरले, तरी धाव झाली नाही. अकराव्यात त्यांच्याच विल स्मिथचा होमरन. ५-४. १९९३ नंतर इतक्या जवळ आलो होतो. माझा मुलगा अजून ती मॅच पुन्हा बघायला तयार नाही.

तुमच्या बाबांच्या वहीत शेवटचा चौकोन कसा लिहिलाय?

अंगणझुला | १३ नोव्हेंबर २०२५

लेकीने आत्ताच फोन करून विचारलं. ६-३, दुहेरी बाद. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पहिल्या बेसला फेकला. डॉजर्सचा शॉर्टस्टॉप कोण, तर मुकी बेट्स, जो २०२० पर्यंत आमचा होता. बाबांनी समासात मराठीत लिहिलंय: "टोरांटो फार चांगलं खेळले." मुलाला सांगा.

ओंटारियोचा_वारा | १३ नोव्हेंबर २०२५

सांगितलं. त्याने वहीचा फोटो मागितलाय.

रानजाई | १३ नोव्हेंबर २०२५

अंगणझुला, आता पुढच्या मार्चमध्ये बाबांना आमच्याकडे मेपलच्या गुऱ्हाळावर आणायचंच. माझे बाबाही येणार आहेत.

आणि कढीपत्ता आत घेतलास ना? रात्री पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेल्या की त्याला सोसत नाही. दक्षिणेच्या खिडकीत ठेव, पाणी कमी कर, पानं गळली तरी घाबरू नकोस.

अंगणझुला | १४ नोव्हेंबर २०२५

सप्टेंबरअखेरीलाच आत घेतला, बाबांनीच कुंडी उचलायला लावली. पानं गळताहेत, पण फांदी हिरवी आहे.

मार्चचं तिकीट बघतेय. फेब्रुवारीच्या मध्याला फ्लोरिडात फोर्ट मायर्सला रेड सॉक्सचे पिचर-कॅचर सरावाला जमतात, त्याआधी निळी_शाईंनी चांगल्या बांधणीच्या, वीस डाव मावतील अशा स्कोअरबुकचं नाव सांगावं. दोन हव्यात, एक साताऱ्याला पाठवायची आहे.

निळी_शाई | १४ नोव्हेंबर २०२५

वीस डावांचं तयार मिळत नाही. स्पायरलचं घ्या, म्हणजे जादा पानं जोडता येतात. कागद जाड असू दे, नाहीतर खोडल्यावर फाटतो. पेन्सिल एचबी नको, टूबी. बाकी विपूमध्ये (खासगी निरोपात) लिहिते.